शीग

कुंभलकर सरांनी नियम सांगितले तेव्हा
आम्ही पांदणीत उभे होतो, सहा जण,
चपलांना काळी माती धरलेली.
तबकडी गवसली नाही तर तीन मिनिटं, सर म्हणाले.
शोधायचं सगळ्यांनी,
ज्याची हरवली त्यानं एकट्यानं नाही.
मग एक फेक दंड,
आणि दुसरी तबकडी घेऊन
मागल्या जागेवर परत.

सायकलच्या रिमा, विहिरीवरल्या जुन्या साखळ्या,
यांच्या नऊ टोपल्या आम्हीच बांधल्या गायरानात,
बंद पडलेल्या जिनिंगच्या मागं.
सातवी नाल्यापल्याड.
तिथं डाव्या हाताला टेकामांची तूर लागते.
सातवीनं आमच्या निम्म्या तबकड्या खाल्ल्या.

घड्याळ आत्रामचं. तो मोजतो.
नगराळेला वाकता येत नाही,
पण काठीनं तोही गवत उलटवत राहतो.
काही नियम सरांच्या कागदावर नव्हतेच:
पऱ्हाटीत तासातासानं चालायचं,
तूर फुलावर असली तर धुऱ्यावरूनच पाहायचं,
दिसली तर दिसली.
कुणाचं वावर आहे ते आधी आठवायचं,
तो दिसला तर आधी रामराम,
तबकडीचं मागून.

एकदा नगराळेनं निशाची उसनी घेतली
आणि तीही नाल्यात घालवली.
आता याचा नियम काय?
सर कागद चाळत बसले.
निशा म्हणाली, त्यात पाहाचं काय?
उसन्या पिठासारखंच.
मापानं नेलं, मापानं आणाचं,
वरून जराशी शीग.
पुढच्या रविवारी त्यानं तबकडी आणली
आणि खिशातून चार बोरं काढून वर ठेवली.

माझी नारिंगी होती.
पुण्याहून भाच्यानं पाठवलेली.
मागं पक्क्या शाईनं लिहिलं होतं:
डाखोरे, गुरांचा दवाखाना,
खाली मोबाइल नंबर.
वारा नव्हता त्या दिवशी,
दोष द्यायलाही काही नव्हतं.
डोक्याएवढ्या तुरीवरून ती जरा तरंगली
आणि आत शिरली, शिकलेल्या पाखरासारखी.
झाले, आत्राम म्हणाला.
मी आणखी एक मिनिट चोरलं.
तो घड्याळाकडं न पाहता
चपलेतला काटा काढत बसला.
मग मी दंड लावून घेतला, मागं आलो,
सरांची जड निळी फेकली. ती उजवीकडं गेली.

पौषात टेकामांची बकरी फुगली म्हणून बोलावणं आलं.
सुई टोचून झाली, हात धुतले,
पार्बताबाईनं पाणी द्यायला
माठावरचं झाकण उचललं.
नारिंगी.

"शेंगा तोडाले गेली तं पायात आली,"
मी पाहतोय हे पाहून ती म्हणाली.
"कायचं हाय कोनाले मालूम.
पन झाकन मस्त झालं, फुटत नाही.
तुमच्या त्या खेळातलं तं नोहे?"

राखेनं घासून घासून नाव गेलं होतं.
एक 'डा' उरला होता,
आणि नंबरातले दोन आकडे, दोन्ही सात.
तीन मिनिटं केव्हाच झाली होती.
दंड भरून झाला होता.
तरी जीभ जरा अडखळली, खोटं का सांगू.
"आमच्या इतक्या चांगल्या नसतात," मी म्हणालो.

तिनं ती उलटी धरली,
चुलीवरच्या उकडल्या शेंगा तीत ओतल्या,
काठापर्यंत, मग काठावर,
मग दोन शेंगा घरंगळून खाली पडल्या
तेव्हा थांबली.
"खा. मीठ कमी आसन तं सांगा."

मी सगळ्या खाल्ल्या.
टरफलं बकरीपुढं टाकली.
तबकडी तिनं विसळली, पदराला पुसली, परत ठेवली.

माठाच्या तोंडावर ती बरोब्बर बसते.
आमच्या टोपलीत एकदाच बसली होती,
तीही साखळीला आपटून, नशिबानं.