नमुना क्रमांक सात

फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीमागे
माझा सातवा नमुना आहे.
निळ्या झाकणाची कुपी, तिच्याभोवती तीन पिशव्या,
वर माझ्या अक्षरात तारीख, वेळ, आणि ‘खाऊ नये’.
घरात मी एकटाच. तरी लिहिलं.

सोमवारी एली रेनी येईल न्यायला,
डंडीच्या अभ्यासगटातली नर्स,
आणि तेच विचारील:
झोप किती? भाज्या किती प्रकारच्या?
शेवटचं अँटिबायोटिक कधी?
पहिल्या खेपेला म्हणालो होतो,
झोप दिवसा, पडदे ओढून, चार तास.
भाज्या तीन, बटाटा धरून.
बटाटा धरायचा नाही, म्हणाली.

अकरा वर्षं बेकरीत रात्रपाळी.
पहाटे तीनला सॉसेज रोल, उभ्यानंच.
मग एका हिवाळ्यात बोटांची पेरं सुजली,
मूठ मिटेना, कुलपात किल्ली फिरेना.
डॉक्टर म्हणाले, तुमचीच फौज तुमच्यावर उलटली आहे.
म्हणजे राखणदाराला
आपलं-परकं कळेनासं झालं.

त्याला ते शिकवतं कोण?
थोडंफार आतड्यात राहणारे, एली म्हणाली.
ना नाव ना गाव, अब्जावधी,
तुम्हाला न पचलेला कोंडा खातात
आणि जाता-येता राखणदाराला सांगतात:
थांब रे, ओळखीचा आहे, जाऊ दे.
आणि कोंडाच मिळाला नाही तर?
मग घराच्या भिंती कुरतडतात,
ती म्हणाली, आणि फॉर्मवर खूण केली.

इथे एक उपमा दाराशी येऊन उभी राहते:
शिक्का, रांग, व्हिसा, परका माणूस.
तिला मी आत घेत नाही.
माझी बोटं दुखतात, एवढंच.

खालच्या मजल्यावरच्या इझोबेल गेडीस, वय शहाऐंशी,
जिन्यात म्हणाल्या, तोंड उतरलंय तुझं,
आणि एक बरणी पुढे केली.
ओटचा कोंडा, पाणी, पाच दिवस खिडकीत.
वर फेस. वास आंबूस.
सोअन्स, म्हणाल्या.
वडील बोटीवर जायच्या आधी प्यायचे,
आता कुणी करत नाही.

मी हुंगलं. अहो, ही तर आंबील!
नाचणीच्या जागी ओट, मीठ जरा कमी.
‘आंबील’ म्हणालो. त्या ‘अँबल’ म्हणाल्या.
पुन्हा म्हणालो. पुन्हा ‘अँबल’.
मग तिथेच, पायरीवर बसून,
शिजवून आणलेलं दोघांनी चमच्यानं संपवलं.

बरा झालो का? नाही.
गोळ्या चालू आहेत.
टे नदीवर धुकं चढायच्या आधी
पेरांना कळतं.
दुपारची पाळी मागून घेतली,
रात्री झोपतो, माणसासारखा.
सूज उतरली आहे, अर्धी म्हणा.
यातलं नेमकं कशानं, एलीला विचारलं.
ठाऊक असतं, म्हणाली,
तर तुमच्या कुप्या कशाला गोळा केल्या असत्या?

एक मात्र बदललं, व्याकरणातलं.
इतकी वर्षं एकट्याचं ताट वाढताना
मनात म्हणायचो, चल, जेवून घे.
परवा सहज तोंडून गेलं:
चला, जेवू या.
घरात कुणी नव्हतं.
कुणी हसलंही नाही.

आता आठव्या कुपीला जागा हवी,
म्हणजे ते मटार संपवायला हवेत.
मटार धरायचे का,
एलीला विचारलं पाहिजे.