दगड हलवून बघा

दोन इंचांचा जीव. निळा, गॅसच्या ज्योतीसारखा.
शाहूपुरीच्या दुकानातनं आणला तेव्हा
पिशवीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा होता.
मला वाटलं, भित्रा आहे.

फुलेवाडीत समुद्र नाही. तो मी बनवतो.
बादलीत फिल्टरचं पाणी, मोजून मीठ,
रात्रभर पंपानं घुसळायचं,
सकाळी काटा बघायचा, एक पॉइंट शून्य पंचवीस.
मंगल म्हणते, आमटीचं मीठ
कधी एवढ्या काळजीनं विचारलं नाही.

आठवड्यानं नारिंगी जोकर सोडला.
संध्याकाळपर्यंत त्याच्या शेपटीची झालर कुरतडलेली.
मग फायरफिश आणला, अर्धा पांढरा, अर्धा पेटलेला.
तो तिसऱ्या दिवशी सापडला
स्टँडच्या मागं, फरशीवर,
बोंबलासारखा वाळलेला.
चार फूट उंचीवरनं उडी मारली होती,
पाण्यात राहण्यापेक्षा.

मुजावर दुकानातनंच म्हणाला,
"आधी गरीब सोडायचं, मग तापट.
तुमी उलटं केलासा.
जो पयला येतो, टाकी त्याची."
परत घ्या म्हटलं तर हसला.
"धरा की आधी."

दाढीचा आरसा काचेला बाहेरनं टेकवला.
दिवसभर निळा स्वतःवरच धावून जात राहिला,
कल्ले फुगवून, वाकडा होऊन,
आणि समोरचाही तितकाच हट्टी, मागं सरेना.
तेवढ्यात जोकर पोटभर जेवला.

उद्यमनगरात आमच्या शेडमध्ये
फरशीवर पिवळ्या ऑइलपेंटची रेघ आहे.
अलीकडं माझा लेथ, पलीकडं सर्जादादाचा.
रेघ कुणी मारली यावर अजून एकमत नाही.
माझ्या जॉबचा कीस उडून तिकडं गेला
की तो झाडूनं इकडं ढकलतो,
सावकाश, मला दिसेल असा.
शेड घातलं तेव्हा मी आयटीआयला होतो.
तो आधीचा.

"दगड हलवून बघा," मुजावर म्हणाला.
"सगळे. एक बी जागेवर नको.
घरच ऱ्हायलं न्हाय
तर भांडंल कशापायी?"

रविवारी रात्री बाही दुमडून
खांद्यापर्यंत हात घातला.
बोटाला लेथवरची जुनी चीर होती, झोंबली.
गुहा मोडली, कमान आडवी केली,
त्याचं भोक भिंतीकडं फिरवलं.
पाणी गढूळ झालं, मग हळूहळू बसलं.
निळा मधोमध उभा.
इकडं गेला, परत आला. तिकडं गेला, परत आला.
पिशवीत उभा होता अगदी तसा.
जोकर त्याच्या अंगावरनं गेला, त्याला कळलंही नाही.
मंगल आतनं म्हणाली, झोपा आता,
त्याला सुचू दे काय ते.

लेथ काही हलत नाही. दीड टनाचा,
बोल्ट काँक्रीटमध्ये गेलेले.
सोमवारी चहाचं स्टूल तेवढं उचललं
आणि बरोबर रेघेवर ठेवलं.
दोन कप.

दादानं चष्मा वर सरकवून पाहिलं.
मशीन बंद केलं नाही.
मग पायानं स्टूल स्वतःकडं ओढलं,
चार बोटं.

चहा प्यायला की जागा धरायला,
ते मला अजून कळलेलं नाही.