इंजिनाचं माप

इलाही शिकलगार दुकान उघडायच्या आत आला,
हात पुसलेले, तरी काळेच,
म्हणाला, शालनताई, एक मोजा शिवायचाय.
एकच? लंगड्याचा का?
इंजिनाचा, म्हणाला.

आमची दुकानं दिघंचीच्या रस्त्यावर, आटपाडी संपता संपता,
भिंतीला भिंत.
त्याच्या हातोड्यानं माझ्या बॉबिनी हलतात.
दारात त्याच्या ती बग्गी: नळ्या जोडून केलेला सांगाडा,
मागं जुन्या बीटलचं इंजिन, पुढं नुसती हौस.
खरमाटे डॉक्टरांची. जनावरांचे डॉक्टर,
आठवडाभर म्हशींच्या पोटात कोपरापर्यंत हात,
रविवारी माणगंगेच्या कोरड्या पात्रात
धुरळ्याचा एक खांब, आणि त्याच्या बुडाशी हे.

याला रेडिएटर नाही, इलाही सांगत होता,
पाणी नाही, काही नाही.
वारा खातं, वाऱ्यानंच थंड होतं.
आणि आपल्याकडचा वारा म्हणजे –
त्यानं काउंटरवर बोट ओढून दाखवलं.
मी आत्ताच पुसला होता.

पात्यांमध्ये माती बसली, वर तेल गळलं,
तिचा थर भाजला, की इंजिन आतल्या आत शिजतं.
ते खरवडता येतं एक वेळ, खराट्याच्या काडीनंसुद्धा.
पण जो वारा पोटात जातो, पेट्रोलबरोबर जळायला,
त्यातला चिमूटभर कच पुरे.
सिलिंडरला कानस लावल्यासारखा घासत बसतो.

मी टेप काढली.
घेर एकोणीस इंच, उंची पाऊण वीत, गळ्याला इलॅस्टिक.
ब्लाउजपेक्षा सोपं. हुक नाहीत,
आणि घालून बघून नाक मुरडणारं कुणी नाही.
कापड माझ्याच मोरपंखी नायलॉन साडीचं,
पदराशी जळलेली, नेसवत नव्हती.
आत फोम, तेलात बुडवून पिळलेला,
दोन्ही एकाच शिवणीत पकडले.

रविवारी दिवेलागणीला बग्गी आली, मातीचीच बनवल्यासारखी.
फिल्टरच्या पुढच्या नळीत इलाहीनं
आतून पांढरं ग्रीस फासून ठेवलं होतं.
आता बोट घातलं, फिरवलं,
अंगठ्यावर चोळलं. बोलला नाही.
बोट माझ्यापुढं केलं.
मीही चोळलं.
डाळीत खडा लागावा तशी कचकच.

पट्टे बघितले, रबर बघितलं, कुठं चीर नाही.
मग मी मोजा उलटा करून बल्बसमोर धरला.
शिवणीवरून चालत गेलेले उजेडाचे ठिपके,
इंचाला बारा.
एकतीस वर्षं मशीनवर बसते मी,
टाका म्हणजे जोड, एवढंच धरून चालले.
टाका म्हणजे भोकही.

रात्री उसवलं.
कड कडेवर दुमडून पुन्हा घातली,
सगळी शिवण ग्रीसनं लिंपून काढली,
आई कणगी लिंपायची तशी, अंगठ्यानं दाबत,
मुंगी शिरेल तिथं दोनदा.

पुढच्या रविवारी बोट पांढरं.
इलाही हसला नाही, चहा मागवला. मलाई मारके.

मोजा डिझेलच्या टबात धुतला, खाली गाळ बसला.
तो ओतायला निघाला, मी म्हटलं, थांब.
लोणच्याची रिकामी बरणी होती.
तेव्हापासून दर खेपेचा गाळ वाळवून त्यात:
बनपुरीकडची तांबूस,
पात्रातली, उन्हात चमकणारी,
एक थर जवळजवळ काळा, तो कुठला
ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.
बरणी फिरवत राहिले ते, चष्मा कपाळावर.
इतकं हिंडलो मी?

इंजिनाला यातलं काही ठाऊक नाही.
त्याला कळू नये म्हणूनच तर एवढी शिवण.

बरणी आता खिडकीत असते, बॉबिनींच्या शेजारी.
पलीकडं हातोडा पडला
की वरचा थर जरा सरकतो.