बारदान

आधी फोनने कान बदलला.
उजव्याला लावला की मयूरी
पाण्याखालून बोलल्यासारखी,
डाव्याला लावला की लख्ख, पप्पा, जेवलात का?
मी म्हटलं, मळ असेल.

मग एकदा चौसष्ट नंबरच्या गाळ्यासमोर
एकतीस वर्षं मापाडी असलेला मी
रिकाम्या हाताने चालताना कललो
आणि कांद्याच्या थप्पीवर जाऊन बसलो.
हमाल हसले. मीही हसलो.

दोन पूर्णांक दोन सेंटीमीटर, तोलाच्या नसेवर.
साधी गाठ आहे, म्हणाले, कॅन्सर नाही.
शालनने तिथल्या तिथे हात जोडले.
माझ्या मनात आलं, एवढी साधी असती
तर डोक्यात कशाला जागा धरली असती,
आधीच तिथे किती दाटी.

वाशीचे सर्जन म्हणतात, काढून टाकू.
कानामागून शिरायचं, आठ-नऊ तास,
गेली की गेली.
कान जाणारच.
आणि चेहऱ्याची नस तिला चिकटून आहे,
तोंड वाकडं होऊ शकतं. बहुतेक सुधारतं.
हे बहुतेक कुठल्या काट्यावर मोजतात?

खारघरच्या बाई म्हणतात, किरण देऊ.
कापाकापी नाही, संध्याकाळी घरी.
पण गाठ तिथेच राहणार,
वाढायची थांबेल बहुधा.
दरवर्षी त्या खडखडणाऱ्या नळीत निजून
तिला विचारून यायचं,
झोपली आहेस ना गं?

दोघंही शेवटी एकच बोलले, निर्णय तुमचा.

आजवर माल एकाचा, पैसा दुसऱ्याचा,
मी फक्त काटा स्थिर व्हायची वाट बघायचो.
मोजणाऱ्याचा पाय फळीवर पडला
की माप खोटं येतं, हे पोरांना मीच शिकवलं.
आता फळीवर मीच उभा
आणि आकडा वाचायलाही मीच.

कोपरखैरण्याच्या आमच्या दीड खोलीत
आरशापुढे अर्धं तोंड बोटांनी खाली ओढून बघितलं.
शालन म्हणाली, एवढं हसता तरी कधी
की कुणाला वाकडं दिसेल?
मग मोरीत जाऊन तिने नळ सोडला,
आणि बराच वेळ बादली भरेना.

गोणीसकट मोजायचं, मग बारदान वजा करायचं,
अशी आमची रीत.
मापाआधी गोणी फाडून बघत नाही कुणी.
खारघरला मी हो कळवलं.
बरोबर केलं का, ठाऊक नाही.
मयूरीला वाटतं, पप्पा ऑपरेशनला घाबरले.
घाबरलोच.

आणि चार रात्रींमागे लक्षात आलं,
अठ्ठावीस वर्षं माझ्या उजवीकडे निजणारी शालन
डावीकडे निजते आहे.
कधीपासून, विचारलं नाही.
अंधारात ती काहीतरी बोलली.
ऐकू आलं.
गॅस बंद केलाय का, म्हणत होती.