तीस दिवस

मूस जॉमध्ये आज उणे चौतीस आहे.
कुठल्याही दिशेला निघालात तरी
समुद्र इथून हजारावर किलोमीटर,
आणि मी तळघरात, लोकरीच्या मोज्यांत,
पिंपात समुद्र कालवतोय.

मीठ ओतायचं, पंप सोडायचा, रात्रभर ढवळू द्यायचं.
घाई केली तर पाणी दुधाळच राहतं.
सकाळी एक थेंब काचेवर घेऊन
नळी उजेडाकडे धरतो, एक डोळा मिटतो:
निळं आणि पांढरं जिथं मिळतं तिथं आजचा आकडा.
पस्तीस. चालेल.

टाकी साधीच. शेजाऱ्यांनी गॅरेज रिकामं केलं तेव्हा आणलेली,
एका कोपऱ्यात ओरखडा.
वाळू नाही. दगड नाही.
औषधातलं तांबं दगड पिऊन टाकतो,
मग मोजमापावर विसंबता येत नाही.
तीन बाजूंना काळा कागद.
लपायला नळकामातले दोन कोपर,
न्हाणीघराच्या दुरुस्तीत उरलेले, पांढरे.
हीटर. आणि एक स्पंज.
तो मात्र नवा नाही,
सहा आठवडे मोठ्या टाकीच्या पोटात ठेवला होता.
त्याच्या भोकाभोकांत आता न दिसणारं गाव वसलंय,
दुसऱ्याची घाण पचवून जगणारं.
त्याच्याशिवाय कोऱ्या पाण्यात कुणी टिकत नाही.

पूर्वी मी यातलं काही करत नव्हतो.
दोन वर्षांमागे एक देखणा सर्जन मासा आणला,
पिशवीतून थेट मोठ्या टाकीत.
लोर्ना म्हणाली होती, जरा थांब.
चौथ्या दिवशी त्याच्या परांवर
मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके.
नऊ दिवसांत अकरा गेले.
शेवटचा सात वर्षांचा, माझ्या हातून खायचा.
एकतीस वर्षं मी रेल्वेत डबे जोडले,
दोन डब्यांमध्ये हात घालायचा नसतो
हे मला ठाऊक होतं.
हे ठाऊक नव्हतं.

म्हणून आता जाळी वेगळी, बादली वेगळी,
टॉवेल वेगळा, त्यावर लोर्नानं लाल धाग्याची फुली घातलीय.
या पाण्यात बुडवलेला हात त्या पाण्यात जात नाही.

पिशवी तरंगतेय.
कोल्टन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, अंगात जॅकेट तसंच.
मंगळवारी आला. सरकारी बाईंनी
कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्या दाराशी ठेवल्या:
त्याचे कपडे.
अजून त्यानं त्यांची गाठ सोडलेली नाही.
टेबलावर तो ताटाकडे बघत नाही.
रात्री पाव कमी होतो.
आम्ही पाव मोजत नाही.

"तो इथं एकटाच?"
हो.
"त्यानं काय केलं?"
काही नाही केलं.
"मग?"
मी सांगायला लागतो, किडे, तांबं,
मोठ्या टाकीतले बाकीचे,
आणि माझं बोलणं मलाच ऐकू येतं.
"किती दिवस?"
तीस.
बोटांवर काहीतरी जुळवून तो म्हणतो,
"मागच्या घरी मी एकवीसच होतो."

यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.
पिशवी बादलीत रिकामी केली, वरून बारीक नळी सोडली,
आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं:
सेकंदाला दोन थेंब. कमी-जास्त झाले तर सांग.
त्यानं खरंच मोजले. पाऊण तास.
एकदा म्हणाला, "तीन."
मी नळीची गाठ आवळली.

जांभळं डोकं, पिवळी शेपूट, अंगठ्याएवढा जीव:
सोडला तसा पांढऱ्या कोपरात शिरला.
दिवा मी मालवला. पहिल्या रात्री दिवा नको असतो.
टाकलेलं खाणं तळाशी तसंच राहिलं,
नळीनं ओढून काढलं.
उद्या पुन्हा टाकेन. परवा पुन्हा.

"बघतोय तो," अंधारात कोल्टन म्हणाला.
कुठून?
"आतून."

मला काही दिसलं नाही.
असेल, म्हटलं. तू बस.
तुझं जेवण झाकून ठेवतो.