तू म्हणजे कोण

सुगतला तहान लागली की तो म्हणतो,
"तुला पाणी हवंय का?"
आणि आपण "नको" म्हटलं
की स्वतःचं मनगट चावतो.

दुसरीत जाईपर्यंत मला वाटायचं
हा मलाच विचारतोय.
मी किती वेळा "नको" म्हटलं असेन.

आई म्हणाली, अगं, आपण त्याला विचारतो ना,
ते वाक्य तो ठेवून देतो,
तिकिटाचे तुकडे ठेवतो तसं,
घडीसुद्धा मोडत नाही.
मग लागेल तेव्हा तेच काढून आपल्यापुढे धरतो.
त्याच्या 'तू'मध्ये तोच बसलेला असतो.

बाईंनी शाळेत सर्वनामं शिकवली.
मी हात वर करून सांगितलं,
आमच्या घरी वेगळी असतात.
वर्ग हसला.
मग मी वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले:

तुला झोप आलीये : मला झोप आलीये.
पाय पूस आधी : बाबा आले.
ताई ओरडू नकोस : मिक्सर बंद करा.

आणि एक, ज्याला मला फार दिवस अर्थच सापडेना:
कृपया दरवाजा बंद करा.

ते आमच्या लिफ्टमधली बाई म्हणते.
चेंबूरमधली आमची बिल्डिंग जुनी,
जाळीचं दार कुणीतरी अर्धं उघडं टाकतं
आणि ती म्हणतच राहते, मजल्यामजल्यावर ऐकू येते,
न चिडता,
न थकता.

माझ्या वाढदिवसाला तेरा मुलं आली होती.
फुगे फुटत होते, स्पीकर लावला होता,
ऋग्वेदने तोंडात बोटं घालून शिटी मारली.
सुगत पलंगाखाली गेला
आणि अगदी तिच्याच आवाजात म्हणाला,
कृपया दरवाजा बंद करा.
कृपया दरवाजा बंद करा.
सगळे खो खो हसले.
अन्विता म्हणाली, तुझा भाऊ लिफ्ट आहे?

मी पण हसले.
हे मी वहीत लिहिलेलं नाही.

केक कापून झाल्यावर आईने स्पीकर बंद केला
आणि पलंगाखाली हात घातला, फक्त हात,
तळवा वर करून.
बराच वेळ तो तसाच रिकामा होता.
मुलांनी वेफर्स खाल्ले. अन्विता बघत राहिली,
मग हळूच मला म्हणाली,
त्याला आवाज टोचतो का गं?
मी म्हटलं, हो.
एवढंच तर सांगायचं होतं मघाशी.

रात्री मी भिंतीकडे तोंड करून झोपले,
उशी दातांत धरून, आवाज होऊ नये म्हणून.
शेजारच्या गादीवरून सुगत म्हणाला,
"तुला रडू येतंय."

मी वळून बघितलं.
त्याचे डोळे कोरडे होते,
पंख्याकडे लागलेले.
मला कळेना, हा कुणाचा 'तू',
त्याचा की माझा.
"हो," मी म्हटलं, दोन्हीसाठी एकच.

तो उठला. गॅलरीत अजून
खालच्या रिक्षांचे हॉर्न येत होते.
"कृपया," तो म्हणाला, पुढचं काही बोलला नाही,
आणि माझ्या बाजूचं
दार लावून आला.