कूलर बंद करायची वेळ

माझ्या कोर्सचं नाव एका दमात सांगता येत नाही.
बाबा ते अर्धं करून सांगतात.
मौद्याच्या आत्याला फक्त मॅनेजमेंट,
दुकानाशेजारच्या चहावाल्याला फक्त नाटक.
मी दोघांच्या मधे
विभागाच्या सायकल स्टँडवर उभी असते,
एका खांद्याला लॅपटॉप, दुसऱ्याला घुंगरांची पिशवी.

सोमवारी नाच. मंगळवारी हिशेब.
बुधवारी ढबाले मॅडम म्हणतात, आता दोन्ही एकत्र करा,
आणि आम्ही चौदा जण एकमेकांकडे पाहतो.
चेतन उईके गावच्या दंडारीतला एक फेर घालून दाखवतो,
प्रणोती त्या फेराची मिनिटं मोजते, मग मिनिटांचं भाडं,
रेहान त्यावर प्रोजेक्टर मारतो
तर चेतनच्या छातीवरून बर्डीची रहदारी वाहू लागते.
हे काय आहे, मॅडम विचारतात.
कोणालाच सांगता येत नाही.
बरं आहे, म्हणतात, तेच लिहून आणा.

शेवटचा प्रयोग सव्वीस एप्रिलला पडला.
नागपुरात, सव्वीस एप्रिल,
आणि तोही दुपारी साडेचारला,
कारण संध्याकाळचं भाडं आम्हाला झेपत नव्हतं.
पारा चव्वेचाळीस.
अंदाजपत्रक माझ्याकडे.
सभागृह इतके, दिवे इतके,
तर्री-पोहे चाळीस प्लेट, कोणी उपाशी नाचू नये म्हणून,
कूलर मोठे दोन: शून्य रुपये.
शून्यापुढे मी शुद्ध अक्षरात लिहिलं, वस्तुरूप साहाय्य.
वस्तुरूप साहाय्य म्हणजे बाबा,
सक्करदऱ्याहून हातगाडीबरोबर चालत आलेले,
डोक्याला ओला दुपट्टा,
वाळ्याच्या ताट्या आदल्या रात्री नव्यानं ठोकलेल्या.

अडचण रंगीत तालमीत कळली.
प्रणोती तीन मिनिटं काही बोलत नाही.
नुसती उभी राहते,
आणि कूलर बोलतो.
बंद करावा तर प्रेक्षक उठून जातील,
चालू ठेवावा तर ती कशासाठी गप्प आहे ते कोणाला कळणार?
पुस्तकात प्रेक्षकांच्या सोयीचा धडा सातवा,
कलाकृतीच्या गरजांचा अकरावा.
मधले तीन मी रात्री दोनदा वाचले.
कूलरचा उल्लेख कुठेच नव्हता.
ठरलं एवढंच, की बटणापाशी मी थांबायचं.

आणि नेमकी मी दारात होते.
पास असून खुर्ची नाही म्हणून एक काका माझ्याशी भांडत होते,
चेतनची अख्खी आळी टेम्पोतून उतरत होती,
कानातल्या हेडफोनमधून रेहान ओरडत होता, कूलर, अगं कूलर.
मी धावले.
पडद्यामागच्या बोळात पोचायच्या आधीच
आवाज थांबला.

इतकी शांतता
मी त्या इमारतीत कधी ऐकली नव्हती.
वर्तमानपत्रांचे पंखे आपोआप खाली आले.
कूलरच्या टाकीत एक थेंब पडला,
मग बऱ्याच वेळानं दुसरा,
आणि प्रणोतीनं टाच उचलली न उचलली तोच
एकच घुंगरू
हललं.

बटणापाशी बाबा उकिडवे बसले होते.
रंगमंचाकडे नाही, तिच्या पाठीकडे पाहत,
बोट अजून बटणावरच.
तीन मिनिटं संपली तेव्हा त्यांनीच चालू केला.
कोणी खूण केली नव्हती.
संहिता त्यांनी वाचलेली नाही,
चष्मा दुकानातच राहतो त्यांचा.

नंतर पोहे खाताना विचारलं, तुम्हाला कसं कळलं?
त्यात का समजाचं, म्हणाले,
पोरीनं श्वास धरला ना, तं मीबी धरला.
मंग ह्या डब्याचा आवाज मलेच खुपाले लागला.
आणि लिंबू पिळायला मागितलं.

अहवाल गुरुवारी द्यायचा होता.
तांत्रिक संयोजन, या रकान्यात मी त्यांचं पूर्ण नाव टाकलं,
वसंता गोविंदा बोरकुटे,
आणि वाचून दाखवलं.
ऐकून घेतलं त्यांनी. ताटी पाण्यात बुडवत म्हणाले,
माहं नाव काऊन? दुकानाचं टाक.
सीझन आहे.

मी टाकलं.
खाली फोन नंबरही.